आर्किटेक्ट फोन उचलत नाहीत: घर बांधणाऱ्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका फ्लॅट घेणाऱ्यांसाठी नाही. त्यांच्या नशिबी बिल्डर असतो, आणि तो अभ्यासक्रम वेगळा आहे. स्वतःच्या चार-पाच गुंठ्यांवर, स्वतःच्या कर्जानं आणि अख्ख्या भावकीच्या सल्ल्यानं बंगला बांधायला निघालेल्यांसाठी ही आहे. उदाहरणापुरता प्लॉट वाईजवळ धरला आहे आणि आर्किटेक्ट पुण्यात. आपला प्लॉट चिपळूणला आणि आर्किटेक्ट कराडला असतील, तर वाटेतल्या खंबाटकी घाटाच्या जागी कुंभार्ली घाट वाचावं. बोगद्याची कसोटी सोडली, तर बाकी मजकुरात काही बदल करावा लागणार नाही.

सुगीचे दिवस

पहिल्या दोन-तीन भेटींत आर्किटेक्ट आपल्यापेक्षा उत्साही असतात. सकाळचा चहा कुठं बसून घेता, आईंना गुडघेदुखी आहे का, पुस्तकं किती, असं सगळं आपुलकीनं विचारतात. वहीत टिपून घेतात. मग थ्रीडी व्ह्यू येतो. त्यात आपल्या घरापुढं न ओळखू येणारी झाडं, एक लाल मोटार आणि हसत चाललेलं एक गोरं कुटुंब असतं. शेजारच्यांचा म्हशींचा गोठा दिसत नाही. हा काळ मनसोक्त उपभोगावा. फोन पहिल्या रिंगला उचलला जाण्याचे हेच दिवस.

याच दिवसांत एक रुक्ष काम उरकून घ्यावं. १९७२च्या आर्किटेक्ट्स कायद्यानुसार ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावायची तर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक ‘सीए’नं सुरू होतो आणि पुढं नोंदणीचं साल येतं. तो शिक्क्यावर बघून घ्यावा. आपल्याकडे स्कूटरवर नकाशांची नळकांडी घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकाला लोक आर्किटेक्ट म्हणतात. त्यातले बरेच जण परवानाधारक इंजिनिअर असतात, चांगलं कामही करतात. पण पुढं तक्रार कुणाकडे करायची हे त्या शिक्क्यावरून ठरतं, म्हणून आत्ताच बघायचं. तक्रारीची वेळ येणार नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा आणि काही महिन्यांनी परत यावं.

मौनाची भाषा

परवानगीचा नकाशा मंजूर होतो, भूमिपूजन होतं, लाइनआउट पडतं, आणि वर्किंग ड्रॉइंगची गरज लागते. नेमके इथून आर्किटेक्ट कमी बोलू लागतात. नवशिक्यांनी पुढील शब्दप्रयोग पाठ करावेत.

‘साइटवर आहे, नंतर बोलतो’ म्हणजे साइटवर आहेत, पण आपल्या नाही. ‘ड्राफ्ट्समन गावी गेलाय’ हे बाराही महिने खरं असतं. ड्राफ्ट्समन ही मुळात गावी असणारी व्यक्ती आहे. ‘आज पाठवतो’ यात वार सांगितलेला नसतो, म्हणून वाद घालता येत नाही. ‘आरसीसीवाल्यांकडून यायचंय’ हे ऐकलं की आरसीसी कन्सल्टंटना फोन करावा. ते नम्रपणे सांगतील की आर्किटेक्टकडून फायनल यायचंय. दोघांना एका कॉलवर घेण्याचा मोह होईल. घेऊन बघावा. दोघंही एकमेकांची मनापासून ख्यालीखुशाली विचारतील.

‘निघालोय, खंबाटकीत आहे’ याची मात्र परीक्षा घेता येते. खंबाटकीचा जुना बोगदा साताऱ्याकडून पुण्याकडे जाणाऱ्यांसाठी आहे. पुण्याहून वाईला येणारा माणूस घाट चढून येतो. त्यामुळे ‘येतोय, खंबाटकीच्या बोगद्यात होतो, रेंज गेली’ असं कुणी म्हणालं तर चहा ठेवू नये. नवे जोडबोगदे खुले झाले की ही कसोटी मोडीत निघते, तोवर वापरून घ्यावी.

व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणांवर विसंबू नये. संदेश वाचला गेला एवढंच त्या सांगतात. त्याच वेळी आर्किटेक्टच्या स्टेटसवर दुसऱ्याच कुणाच्या तरी बंगल्याचा सुंदर जिना दिसेल. तो बघून मन खट्टू होऊ देऊ नये. त्या बंगल्याचा मालकही असाच आपला जिना बघत बसलेला असण्याची शक्यता आहे. (आपला असला तर.)

स्लॅबची आदली संध्याकाळ

मौनाचं खरं मोल इथं कळतं, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

सेंट्रिंग झालंय, सळई बांधून झालीय, उद्या सकाळी मिक्सर-लिफ्ट आणि टोळी येणार आहे. सेंट्रिंगवाल्यांच्या फळ्या पुढच्या साइटला लागणार आहेत, तेव्हा तारीख हलणार नाही. इलेक्ट्रिशियन सळयांच्या जाळीवर उकिडवा बसून पाइप बांधतोय. इलेक्ट्रिकलचं ड्रॉइंग आलेलं नाही. तो मान वर करून विचारतो, “साहेब, पंखा मधोमधच ना?” हॉलच्या मधोमध की बसायच्या जागेच्या मधोमध? कारण हॉलमध्येच डायनिंग आहे, आणि दोन्हींचे मध्य सहा फूट लांब आहेत. फोन लावावा. वाजून बंद होईल. इलेक्ट्रिशियन तोवर दोन्ही भिंतींच्या मधोमध पंख्याचा डबा बांधतो आणि काँक्रीट आत जाऊ नये म्हणून त्यात कालचा पेपर कोंबतो. पुढची चाळीस वर्षं पंखा सोफा आणि टेबल यांच्यामधल्या मोकळ्या जागेला वारा घालणार आहे.

इतक्यात मुकादम येतो. बाथरूमचा स्लॅब किती खाली घ्यायचा, नऊ इंच की फूटभर? हा प्रश्न ग्रुपवर टाकावा. ग्रुपवर आर्किटेक्ट, आरसीसी, कॉन्ट्रॅक्टर, प्लंबर आणि का कोण जाणे, आपले मेव्हणेही आहेत. रात्री उशिरा आर्किटेक्टचं उत्तर येतं: उंचावलेला अंगठा. नऊ की बारा याचं उत्तर अंगठा कसं असू शकेल, यावर विचार करण्यात रात्र जाते. सकाळी मुकादम म्हणतो, “आपण सगळीकडं फूटभरच टाकतोय.” टाकला.

जिन्याचंही तेच. वरच्या मजल्याची उंची समजा १० फूट ४ इंच, म्हणजे १२४ इंच. कागदावर कुणीतरी १२४ला १८नं भागलं असतं तर प्रत्येक पायरी सात इंचांहून थोडी कमी, सगळ्या सारख्या निघाल्या असत्या. कागद नाही. मिस्त्रीच्या हाताला सात इंचांची सवय आहे. सात-सात करत १७ पायऱ्या चढल्या की ११९ इंच होतात आणि वर पाच इंचांची एक नाठाळ पायरी उरते. अंधारात पाय तिथंच ठेचकाळतो. पाहुणे ठेचकाळले की मिस्त्रीला शिव्या द्यायची पद्धत आहे. वास्तविक त्यानं त्याच्या परीनं घराचं डिझाइन पूर्ण केलेलं असतं. आर्किटेक्ट गप्प बसले म्हणून कुठलाही निर्णय थांबत नाही. तो एक पायरी खाली उतरतो, आणि जो कुणी त्या क्षणी साइटवर उभा असतो तो घर काढतो. म्हणूनच कित्येक बंगले पुढून एका माणसाचे आणि आतून सात जणांचे असतात.

काही उपाय

‘सर, बाथरूमचं काय करायचं?’ असा प्रश्न कधीही विचारू नये. त्याचं उत्तर द्यायला निबंध लागतो. प्रश्न असा लिहावा: ‘स्लॅब शुक्रवारी भरतोय. बाथरूम फूटभर खाली घेतोय. बदल असेल तर बुधवारी संध्याकाळपर्यंत कळवा.’ सोबत फोटो, आणि हेच ई-मेलवरही. ही भाषा जरा उद्धट वाटते, विशेषतः आर्किटेक्ट मेव्हण्यांचे वर्गमित्र असतील तर. तरी लिहावी.

एवढंही करून हालचाल नसेल, तर हुकमी एक्का काढावा. फॅब्रिकेटरच्या दुकानात जाऊन सोनेरी मुलाम्याच्या मोराच्या गेटचा फोटो काढावा. जोडीला गच्चीच्या कठड्यावर सिमेंटचे दोन सिंह आणि पाण्याच्या टाकीला कमळाचा आकार. ग्रुपवर टाकून लिहावं, ‘सर, तुम्ही कामात आहात म्हणून आम्हीच फायनल करतोय. बोर्डावर तुमचंच नाव राहील.’ फोन येईल. बहुधा लगेच, आणि बोगद्यातूनसुद्धा. आवाज कापत असेल. त्याच कॉलमध्ये जिना, पंखे आणि किचनच्या ओट्याची उंची विचारून घ्यावी.

आता दुसरी बाजू, कारण आर्किटेक्टही माणसंच असतात. कौन्सिलच्या अटींनुसार आर्किटेक्टनी ठरावीक टप्प्यांवर साइट बघायची असते. रोज उभं राहून देखरेख करणारा साइट इंजिनिअर मालकानं वेगळा नेमायचा असतो. आपण तो पगार वाचवतो आणि रोज सकाळी आर्किटेक्टना फोन करतो. शिवाय फी ठरवताना ‘घरचंच समजा’ म्हणून अर्धी करून घेतलेली असते, आणि किचन ईशान्येला की आग्नेयेला या वादात प्लॅन इतक्या वेळा फिरवलेला असतो की ड्राफ्ट्समन खरोखरच गावी निघून जातो. फीचे हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधून घ्यावेत, किती भेटी आणि कुठली ड्रॉइंग कधी हे करारात लिहावं, आणि शेवटचा हप्ता भोगवटा प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत खिशात ठेवावा. मोराच्या गेटपेक्षा याचा परिणाम हळू होतो, पण होतो.

काडीमोड

आर्किटेक्ट बदलायचं ठरलं तर दुसऱ्यांकडे गुपचूप जाता येत नाही. कौन्सिलच्या १९८९च्या व्यावसायिक वर्तणुकीच्या नियमांनुसार, आधीची नेमणूक संपल्याचा पुरावा मिळाल्याशिवाय आणि आधीच्यांना लेखी कळवल्याशिवाय नव्या आर्किटेक्टनी काम घ्यायचं नसतं. म्हणजे आधी रीतसर पत्र, राहिलेल्या फीचा हिशेब, मग पुढचं. गैरवर्तणुकीची तक्रार कौन्सिलकडे करता येते. पैसे घेऊन सेवा दिली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला तिथं शुल्कही नाही. पण निकाल लागेपर्यंत पावसाळा थांबत नाही आणि सळईला गंज चढतो, हे मनात धरून पत्र लिहावं. शहाणी माणसं पत्राचा मसुदा तयार ठेवतात आणि पाठवत नाहीत.

वास्तुशांत

या दिवशी आर्किटेक्ट वेळेवर येतात. सोबत फोटोग्राफर असतो. ते दारातली प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत हलवायला सांगतील, दोरीवरचे टॉवेल काढायला लावतील, आणि पाहुण्यांना फ्रेमच्या बाहेर उभं करतील. पाच इंचांच्या पायरीशी थोडे थबकतील, पण काही बोलणार नाहीत. पंख्याकडे बघून ‘इंटरेस्टिंग’ म्हणतील. यातल्या कशावरही वाद घालू नये. त्यांना पहिल्या पंगतीला बसवावं, जिलेबी आग्रहानं वाढावी, आणि हात धुवायच्या आधी नगरपरिषदेचा पूर्णत्वाचा अर्ज आणि पेन पुढं करावं. सही त्यांचीच लागते, आणि त्यांना उजेडात घर गाठायचं असतं.