दुवेकर

पूर्वी नागपूरच्या प्रत्येक वस्तीत एक कात्रणवाले काका असायचे. ‘तरुण भारत’ नि ‘हितवाद’ वाचून झाले की कात्री, डिंक आणि जुनी खातेवही घेऊन ते बैठक मारायचे. त्यांची कात्रणं कोणी वाचत नसे. तेही वाचत नसत. पण कुठलाही विषय निघाला की ‘आहे माझ्याकडे’ एवढं म्हणायला ती पुरायची. ते काका गेले, खातेवह्या रद्दीत गेल्या, आणि त्या गादीवर आता दुवेकर बसले आहेत.

दुवेकर हे आडनाव नव्हे, ती पदवी आहे. प्रतापनगर, धरमपेठ, महाल, मिहानमधली कचेरी, कुठेही तो आढळतो. ओळखायची खूण एकच. तुम्ही बोलत असता तेव्हा तो ऐकत नसतो, टिपून घेत असतो. टिपून थांबला तर तो दुवेकर कसला! दोन चौकोनी कंस उघडतो, दोन मिटतो आणि तुमचं वाक्य तिसऱ्याच कशाला तरी बांधून टाकतो.

आमच्या शेजारचे दुवेकर बँकेतून निवृत्त झालेले. नोशन, रोम, लॉगसेक अशी टिपणांच्या ॲपची भाड्याची घरं बदलत बदलत ते ऑब्सिडियनमध्ये स्थिरावले. प्रत्येक स्थलांतरात सगळी टिपणं उचलून नव्या जागी मांडावी लागत. या दिवसांत कोणी हाक मारली तर ‘काम करून राहिलो ना भाऊ’ असं उत्तर मिळे.

फोल्डरवर त्यांचा भारी राग. “खणात टाकलं की कागद मेला. दुवा दिला की जगला,” हे त्यांचं तत्त्वज्ञान. ते तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर सप्रयोग ऐकायला मिळतं. तर्री आली की सावजी आठवतो. सावजी रस्सा हलबा कोष्टी विणकरांच्या घरचा. विणकर म्हटले की कापड. कापड म्हटलं की 1877 साली जमशेटजी टाटांनी इथे सुरू केलेली एम्प्रेस मिल. म्हणजे ही प्लेट थेट टाटांना जोडलेली आहे! एवढं सिद्ध होईपर्यंत पोहे थंड झालेले असतात आणि त्यांचे पैसे आपण दिलेले असतात.

त्यांच्या सगळ्या टिपणांचं मूळ जे टिपण, त्याचं नाव ‘झिरो माईल’. सीताबर्डीजवळच्या त्या दगडी खांबापासून जशी गावोगावची अंतरं मोजली, तसं दुवेकरांचं सगळं ज्ञान इथून मोजायचं. त्याखाली ‘वाचायचं’, ‘अर्धं वाचलेलं’, ‘वाचल्यासारखं’ अशा पेठा.

कुलदैवत मात्र जर्मन. निकलास लुमान नावाच्या समाजशास्त्रज्ञाने आयुष्यभर चिठ्ठ्या लिहिल्या, प्रत्येकीला क्रमांक दिला आणि एकीवरून दुसरीकडे बोट दाखवलं. अशा सुमारे 90,000 चिठ्ठ्या लाकडी खणांत जमल्या. हा आकडा सांगताना दुवेकरांचा आवाज आरतीला लागतो तसा लागतो. त्या खणांतून लुमानने 70च्या आसपास पुस्तकं काढली, हा भागही त्यांना ठाऊक आहे. तो त्यांनी रीतसर टिपून ‘लेखन : पुढे कधीतरी’ या टिपणाला जोडून ठेवला आहे.

मी एकदा आपल्या घरचं उदाहरण दिलं. श्रीधर व्यंकटेश केतकरांचं ज्ञानकोशमंडळ, ती कंपनी आपल्या नागपूरचीच. ना संगणक, ना शोधायची खिडकी. माहिती गोळा करायची, नोंद लिहायची, एका नोंदीतून दुसरीकडे ‘पहा’ म्हणून धाडायचं. आणि असं करत 1920 नंतरच्या दशकात त्यांनी 23 खंड छापून लोकांच्या हातात ठेवले. दुवेकर भारावले. “म्हणजे केतकरांकडे दुवे होते!” खंडांबद्दल ते काही बोलले नाहीत.

त्यांचा खरा अभिमान म्हणजे आलेख. काळ्या पडद्यावर हजारो ठिपके आणि त्यांना गुंतवणाऱ्या रेघा. बोट लावलं की सगळं जाळं थरथरतं. पाहुण्याला चहाआधी हे दाखवलं जातं. “हे माझं डोकं,” ते म्हणतात. वहिनी ट्रे ठेवता ठेवता विचारतात, “यात वीजबिल भरलेलं कुठं दिसून राहिलं का?”

गेल्या मे महिन्यात असंच दर्शन चालू होतं. बाहेर पारा पंचेचाळीसच्या घरात. तेवढ्यात कूलरचा पंप बंद पडला आणि खोलीत भट्टीचा वारा सुटला. कूलरवाल्याचा नंबर हवा होता. दुवेकरांचा चेहरा उजळला. जाळ्याच्या परीक्षेची घडी आली होती. त्यांनी ‘कूलर’ उघडलं. तिथे दुवा ‘वाळा’. वाळ्यातून ‘शाकुंतल’, कारण शकुंतलेचा दाह शमवायला सख्या वाळ्याची उटी लावतात. तिथून कालिदास, तिथून ‘मेघदूत’, तिथून रामटेक, आणि रामटेकहून वा. वि. मिराशी, कारण यक्षाचा रामगिरी म्हणजे हेच रामटेक असं त्यांनीच साधार मांडलं. मिराशींवरून वाकाटक. दुवेकरांच्या नाकावरून घाम ओघळून वाकाटकांवर पडत होता. “किती सुंदर जोडलं गेलंय पाहा,” ते म्हणाले.

तोवर वहिनींनी स्वयंपाकघरातून फोन लावलाही होता. त्यांच्या मोबाइलमध्ये तो माणूस ‘कूलर’ या नावाने होता. तो अर्ध्या तासात येतो म्हणाला.

तो येईपर्यंत करायचं काय, म्हणून मी पुन्हा आलेख पाहू लागलो. त्यात एक सोय आहे. ज्या टिपणाकडे जास्त दुवे येतात त्याचा ठिपका मोठा दिसतो. मला वाटलं, सर्वांत मोठा ‘झिरो माईल’ असेल, निदान लुमान तरी. पण मधोमध एक ठिपका टरबुजासारखा टरारून बसला होता. गॅसचा नंबर, लॉकरची किल्ली, विम्याच्या पावत्या, मुलीच्या सासरचा पत्ता, बीपीच्या गोळ्या, आणि नीट पाहिलं तर तळाशी कूलरसुद्धा. सगळ्यांच्या रेघा त्याच्याकडे धावत होत्या. मी त्यावर बोट ठेवलं. नाव उमटलं : ‘हिला विचारणे’.

वहिनींनी चष्मा लावून वाचलं. “अहो, मग एवढे धागे काहून बांधून राहिले? सरळ मलाच विचाराचं ना!”

दुवेकर मुळीच वरमले नाहीत. “वा, काय बोललीस!” म्हणत त्यांनी लगोलग नवं टिपण काढलं, वहिनींचं वाक्य त्यात उतरवलं आणि दोन कंस उघडून ते जिथे जोडायचं तिथे जोडलं. ठिपका आणखी थोडा फुगला.