दादाभाईंची ओसरी

डोंबिवलीहून फास्ट लोकलने आलेला चाकरमानी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या बाहेर पडतो, तेव्हा त्याच्या डोक्यावर, घुमटाच्या टोकाशी, एक बाई हात उंचावून उभी असते. तिचं नाव ‘प्रगती’. हात पसरायला पुरेल एवढी जागा या परिसरात तिला एकटीलाच मिळालेली आहे. चाकरमान्याला जायचं असतं फाउंटनला. अंतर फार नाही, रमतगमत गेलं तरी पंधरा मिनिटं. पण डी. एन. रोडवर रमायचं कुठे आणि गमायचं कुठून, हा प्रश्न सव्वाशे वर्षं जुना आहे.

रस्त्याचं मूळ नाव हॉर्नबी रोड. विल्यम हॉर्नबी हे अठराव्या शतकात मुंबईचे गव्हर्नर होते. वरळीजवळ समुद्र आत घुसायचा, तिथे त्यांना बांध घालायचा होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी खर्चाला नकार दिला, पण नकाराचं पत्र जहाजातून मुंबईला पोहोचेस्तोवर बांध उभा राहिला होता, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, आधी बांधायचं आणि कागद मागाहून बघायचे हा मुंबईचा कुळाचार ज्यांच्या नावावर जमा आहे, त्यांचंच नाव शहराच्या ऐन मध्यावरच्या रस्त्याला दिलं गेलं. याहून समर्पक नामकरण महापालिकेला पुढे कधी जमलेलं दिसत नाही.

तेव्हाची मुंबई कोटात राहायची. बाजारगेट, चर्चगेट आणि अपोलो गेट असे तिला तीन दरवाजे होते. 1860 च्या दशकात सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना तट पाडला गेला आणि आतल्या रस्त्यांना अंग सैल करायची मुभा मिळाली. चर्चगेटच्या जागी 1864 मध्ये फ्लोरा नावाची रोमन देवी कारंज्यावर येऊन उभी राहिली. खरं तर तिची नेमणूक राणीच्या बागेत होती. सरकारी बदलीतून ऐनवेळी फोर्टात येणाऱ्यांची परंपरा अशी जुनी आहे.

मग रस्ता रुंद झाला आणि दोन्ही अंगांना इमारती चढू लागल्या. त्यांच्यासाठी 1896 मध्ये सरकारने नियम केला की प्रत्येक मालकाने तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूने कमानींची ओसरी सोडलीच पाहिजे. वर कुणी गॉथिक टोकं काढावीत, कुणी इंडो-सारासेनिक घुमट चढवावेत, कुणी ग्रीक खांब लावावेत, सरकारचं काही म्हणणं नव्हतं. खाली मात्र पायी चालणाऱ्याच्या डोक्यावर छप्पर हवं. मे महिन्यातलं ऊन आणि जुलैतला पाऊस ज्याने मुंबईत एकदा तरी अंगावर घेतला आहे, त्याला हा नियम लिहिणाऱ्या साहेबाच्या हाताला अत्तर लावावंसं वाटेल. घरमालकाच्या जमिनीवर, घरमालकाच्या खर्चाने, परक्या वाटसरूसाठी सावली! असलं कलम आज कुणी मांडलं, तर बांधकाम व्यावसायिक त्याच्या बदल्यात वर सहा मजले मागतील.

पण ओसरी दिली की पुढे काय होतं, हे मराठीत एका म्हणीत सांगून ठेवलेलं आहे. ती म्हण सरकारच्या वाचनात आली नसावी.

आधी दुकानदाराने पायरीवर एक स्टूल ठेवलं. स्टुलावर पुतळा आला, पुतळ्याला शर्ट आला. मग खांबाच्या आडोशाला घड्याळवाला बसला. त्याच्यासमोर बेल्टवाला, पलीकडे अत्तरवाला, गॉगलवाला, मोबाइलची कव्हरं विकणारा. आता कमानीच्या दोन्ही कडांना दुकानं असतात आणि मध्ये एक माणूस आडवा होऊन जाऊ शकेल एवढी फट. फेरीवाल्यांना एकट्यांना दोष देण्यात अर्थ नाही. सावली कुठे आहे, गर्दी कुठून वाहते, हे त्यांना नगररचनाकारांपेक्षा नीट कळतं.

महापालिकेला हे ठाऊक नाही, असं म्हणायची सोय नाही. तिचं मुख्यालय याच रस्त्याच्या तोंडाशी, स्टेशनच्या समोर आहे. 1888 चं स्टेशन आणि 1893 चं पालिकेचं घर, दोन्हींचे वास्तुरचनाकार एकच, फ्रेडरिक स्टीव्हन्स. पालिका सव्वाशे वर्षं खिडकीत बसून रस्ता बघते आहे. समोरचं स्टेशन लोकांनाही नीट बघता यावं म्हणून तिने एक सेल्फी पॉइंट बांधला. तिथवर रस्ता ओलांडून जायचं कसं, हा विषय बहुधा दुसऱ्या खात्याकडे असावा.

स्वातंत्र्यानंतर हॉर्नबी गेले आणि दादाभाई नौरोजी आले. 1892 मध्ये अवघ्या पाच मतांनी निवडून ब्रिटिश संसदेत पोहोचलेला हा थोर माणूस मुंबईकरांनी दोन अक्षरांत बसवला. इंग्रज हिंदुस्थानची संपत्ती कशी वाहून नेतात, हे दादाभाईंनी आकड्यांनिशी मांडलं. शाळेच्या पुस्तकात त्याला ‘संपत्तीचे निःसारण’ म्हणतात. पालिकेने त्या शब्दाचं एक खातंच काढलं, फक्त आधी ‘मल’ जोडला.

2004 हे वर्ष या रस्त्याला फळलं. स्टेशन जागतिक वारसा झालं आणि रस्त्याच्या सुशोभनाचीही युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत दखल घेतली गेली. दुकानांच्या अवाढव्य पाट्या उतरवून कमानींच्या मापात बसवायचा तो प्रयत्न मनापासून केलेला होता. पाट्या मापात आल्या, वारसा दिसू लागला. तो बघायला मान वर केली की पाय बेल्टवाल्याच्या चादरीवर पडतो.

पायी चालणाऱ्याचं काय करायचं, यावर प्रशासनाने मेहनत घेतली नाही असं नाही. त्याला खाली पाठवण्यासाठी भुयारी मार्ग काढला, तिथेही दुकानं आली. वर पाठवण्यासाठी पूल होता. तपासणीत किरकोळ दुरुस्ती सांगून वापरायोग्य ठरवलेला तो हिमालय पूल 14 मार्च 2019 च्या संध्याकाळी कोसळला आणि माणसांचे जीव गेले. त्यावर विनोद करवत नाही.

ऑक्टोबर 2025 पासून भुयारी मेट्रोही आहे. टर्मिनस ते हुतात्मा चौक, म्हणजे फाउंटनच, मध्ये एकही स्टेशन नाही, तिकीट दहा रुपये. चाकरमानी मनात हिशेब करतो. जिने उतरायचे, बॅग तपासून घ्यायची, गाडीची वाट बघायची, पुन्हा जिने चढायचे. तो सुस्कारा टाकतो आणि फुटपाथवरून उतरून बस आणि उभ्या मोटारसायकलींच्या मधून चालू लागतो.

तेवढ्यात कुठून तरी आरोळी येते, ‘गाडी आली!’ पालिकेचा ट्रक वळणावर दिसतो. चादरींची चारही टोकं एका झटक्यात जुळतात, गाठोडी खांद्यावर चढतात, बेल्टवाला गल्लीत, अत्तरवाला जिन्याखाली. आणि 1896 ची ओसरी एकाएकी डोळ्यांपुढे येते, लांबलचक, गार, रिकामी. एकामागून एक कमानी थेट फाउंटनच्या दिशेने गेलेल्या. चाकरमानी घाम पुसतो, वर चढतो आणि आयुष्यात पहिल्यांदा डी. एन. रोडवर सावलीतून सरळ चालतो. सात कमानी, आठ कमानी.

ट्रक पुढच्या चौकात वळतो. नवव्या कमानीपाशी चादर अंथरली जाते.

‘साब, थोडा साइड.’