पार्टी गाडीत बसली आहे!

घर विकायला काढलं की सगळ्यात आधी विकला जातो तो आपला फोन नंबर. मी एकाच एजंटाला सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत माझ्या फ्लॅटचे 'एक्सक्लुझिव्ह' हक्क सात जणांकडे होते.

एजंट आला, भिंतीवर टिचकी मारली आणि सांत्वनाला आल्यासारखा म्हणाला, "काका, मार्केट डाऊन आहे. त्यात चौथा मजला, लिफ्ट जुनी, पार्किंग उघडं." दुसऱ्या दिवशी "पार्टी गाडीत बसली आहे!" असा फोन करून तोच गिऱ्हाईक घेऊन आला. आता चौथ्या मजल्यावर वारा होता, लिफ्ट 'जुन्या काळची, दणकट' होती आणि पार्किंग 'हवेशीर'. क्षणभर वाटलं, आपणच घेऊन टाकावा हा फ्लॅट.

तसा घरांच्या व्यवहारांवर आणि एजंटांवर लक्ष ठेवणारा रेरा कायदा 2016चा. महाराष्ट्रात 2023पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही आली. पण ही सगळी शिस्त रेरात नोंदलेल्या प्रकल्पांपुरती. कोथरूडमधल्या आमच्या तीस वर्षं जुन्या इमारतीत अजून तोंडी परीक्षाच चालते. दोन टक्के माझ्याकडून, दोन टक्के खरेदीदाराकडून, आणि दोघांच्याही कानात एकच मंत्र: "मी तुमच्याच बाजूनं आहे."

शेवटी लिफ्ट बंद पडली आणि जिन्यात मला गिऱ्हाईक एकटंच भेटलं. धापा टाकत आम्ही आकडे जुळवले. त्याला सांगितलेला भाव मला सांगितलेल्यापेक्षा पाच लाखांनी जास्त होता.

सौदा झाला. दोन टक्के मी लिफ्टच्या दुरुस्तीला दिले. एवढी प्रामाणिक मध्यस्थी दुसऱ्या कुणी केली नव्हती.