मजल दरमजल

काचीगुड्याच्या ज्या मराठी वस्तीत आमची हयात गेली, तेथे पुण्याचा प्रवास केवळ पोचण्याच्या हेतूने सहसा कोणी करीत नसे. निजामाच्या रियासतीत हाली सिक्का चाले, आणि सरहद्द ओलांडताच सुमारे सात हाली मोजावेत तेव्हा सहा कलदार हाती येत. म्हणजे मुक्कामी पोचता पोचता आमची ऐपत सप्तमांशाने घटे. आमच्या मराठीचा भाव तर त्याहूनही उतरे, कारण तेथील आप्तमंडळी पाण्याचा तांब्या पुढे करण्याआधीच "मुक्काम किती दिवसांचा?" असे विचारीत, आणि आमचे हैदराबादी वळणाचे उत्तर शेजाऱ्यांस पुन्हा म्हणून दाखवीत. ज्याचे मोल पोचताच कमी होते त्याने वाटेवर जीव लावावा, यात तत्त्वज्ञान कसले? हा निव्वळ हिशेब आहे.

आणि वाट तरी कशी! १९१६ साली बांधलेल्या काचीगुडा स्थानकातून निघणारी ती मीटरगेजची गाडी मनमाडपर्यंत कोणाचाही मुलाहिजा न ठेवता सावकाश चाले. वळकटी पसरून, फिरकीचा तांब्या खिडकीशी टेकवून काकू दशम्यांचे फडके सोडीत, आणि तिळाच्या चटणीचा वास डब्यात दरवळला की समोरच्या बाकावरील सद्गृहस्थांची चौकशी जाबत्याप्रमाणे सुरू होई: निजामाबादेस नाव, गाव आणि दफ्तर, बासरच्या पुलावरून गोदामाईस पैसा वाहून झाला की गोत्र, परभणीस पत्रिका, जालन्यास मानपान. सरहद्दीवर करोडगिरीचे शिपाई ट्रंका उपसू लागत, तोवर दोन्हीकडची मंडळी एकमेकांच्या ट्रंकांविषयी शपथेवर ग्वाही देण्याइतकी सोयरी झालेली असत. मनमाडास हमालाच्या डोक्यावरून सामान ब्रॉडगेजच्या गाडीत चढले की मात्र ही सोयरीक पुष्कळदा फिसकटे. त्या गाडीत माणसे वर्तमानपत्रे वाचीत.

पुढे १९९२ मध्ये मनमाड-औरंगाबाद मार्गही ब्रॉडगेज झाला, यथावकाश उरलेलाही रुंदावला, आणि करोडगिरी व हाली सिक्का तर त्यापूर्वीच दफ्तरदाखल झाले होते. यात प्रगती झाली हे मी सरकारदरबारी लिहून देण्यास तयार आहे.

माझा नातू आता विमानाने सव्वा-दीड तासात पुण्यास उतरतो. शेजारच्या आसनावरचे गृहस्थ कोठले, असे परवा मी त्यास सहज विचारले. त्यास ठाऊक नव्हते. त्याचे लग्न अद्याप जमलेले नाही.