दुसऱ्याच्या लग्नाला हरकत कशी घ्यावी

(नवशिक्यांसाठी)

खोट काढण्याचा हात चांगला आहे, पण वाव मिळत नाही, ही तुमची तक्रार आम्हाला ठाऊक आहे. चाळ पुनर्विकासात गेली. आता टॉवरच्या चौतिसाव्या मजल्यावर कोणाकडे कोण येतं-जातं याचा पत्ता लागत नाही. गॅलरी गेली आणि तुमची निम्मी माहिती तिच्याबरोबर गेली. पण खचू नका. विशेष विवाह कायदा, 1954 मध्ये तुमच्यासाठी जागा राखून ठेवलेली आहे. कलम 7 काढा. होऊ घातलेल्या लग्नाला 'कोणतीही व्यक्ती' हरकत घेऊ शकते, असं तिथे आहे. मुलीचा बाप नाही, आत्या नाही, कोणतीही. म्हणजे तुम्हीसुद्धा.

1. आधी लग्न नीट निवडा.

प्रत्येक लग्न हरकतीच्या लायकीचं नसतं. पत्रिका जुळवून, हॉल बुक करून, जातीतल्या जातीत होणारं लग्न सोडून द्या. तिथे गुरुजी गोत्र विचारतात, हॉलवाला डिपॉझिट विचारतो, पण नोटीस कोणी लावत नाही. सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पुरं, असं हिंदू विवाह कायद्याचं कलम 7 सांगतं. गंमत बघा, त्या कायद्यात सातवं कलम सप्तपदीचं आणि या कायद्यात सातवं कलम तुमचं.

मग नवराबायको वॉर्ड ऑफिसात नोंदणीला जातात. लालबाग-परळची मंडळी एफ/दक्षिणला, दादरची जी/उत्तरला, गिरगावातली बहुतेक डीला. लग्नाची पत्रिका, फोटो, तीन साक्षीदार, गुरुजींची सही. पण हे सगळं लग्न लागल्यावर. तोवर तुम्ही दोनदा मठ्ठा मागून घेतलेला असतो. मग जिलबी मऊ पडली होती एवढीच हरकत उरते, आणि तीही घरी जाताना टॅक्सीत.

तुम्हाला हवं ते 'रजिस्टर लग्न'. वधूवरांची नावं शेजारी शेजारी वाचताना तुमची भुवई आपोआप वर गेली, तर समजा काम मिळालं.

2. नोटीस गाठा.

मुंबई शहराचे विवाह अधिकारी फोर्टात, ओल्ड कस्टम हाऊसमध्ये बसतात. गिरगावकरांनी भुयारी मेट्रोने हुतात्मा चौकाला उतरावं. लालबागकरांनी करी रोडहून स्लो लोकल पकडून सीएसएमटीहून चालत यावं. नोटीस कार्यालयात ठळक जागी लावलेली असते. तिथे गर्दी असेल तर नोटीस बुक मागा. ते कोणालाही, वाजवी वेळेत, फी न भरता पाहता येतं. राणीच्या बागेत पेंग्विन पाहायला तिकीट पडतं, लोकांची लग्नं पाहायला पडत नाही.

आणि काय नोटीस असते! नाव, वय, धंदा, राहण्याचं ठिकाण, तिथे किती दिवस राहतात, कायमचा पत्ता, अविवाहित की विधुर की घटस्फोटित. गॅलरीत उभं राहून वर्षभरात जमवायचात तेवढं एका कागदावर. मुलाचं कायमचं घर सावंतवाडीला असेल तर एक प्रत सिंधुदुर्गातल्या अधिकाऱ्याकडेही जाते आणि तिथे लागते. गावच्या चुलत्यांना कळवायचा तुमचा फोन वाचला.

हाताशी तीस दिवस आहेत. 1872 च्या कायद्यात ही मुदत चौदा दिवसांची होती. तेव्हा लग्न करणाऱ्यांना आपण अमुक-तमुक धर्म मानत नाही असं लिहून द्यावं लागे. स्वतंत्र भारताने ती अट काढली आणि तुमची मुदत दुपटीहून वाढवली. लोकशाही म्हणतात ती हीच.

3. कारण शोधा.

इथे बहुतेक नवशिके गळपटतात, म्हणून सावकाश वाचा. हरकत फक्त कलम 4 मधल्या अटींवर घेता येते. एकाचा आधीचा नवरा किंवा बायको हयात आहे. एखाद्याची मानसिक स्थिती कायद्याने सांगितल्याप्रमाणे संमती देण्याजोगी वा लग्नाजोगी नाही. मुलगा एकविसाच्या आत किंवा मुलगी अठराच्या आत आहे. किंवा दोघं एकमेकांच्या निषिद्ध नात्यात आहेत. संपलं.

हो, एवढंच. आम्हीही यादी उलटून पाहिली, मागे काही नाही. जात नाही. धर्म नाही. मुलगी तीन वर्षांनी मोठी आहे, हे नाही. मुलाकडे मासे शिजतात, हे नाही. आईने अंथरूण धरलंय, हेही नाही. 'चार लोकांत तोंड दाखवायला जागा नाही' हा मुद्दा तर 1954 साली संसदेच्या नजरेतून सुटला की काय कोण जाणे.

हुशार उमेदवार मग पत्त्यावर घसरतात. मुलाचं रेशनकार्ड लालबागचं, पण कुटुंब पंधरा वर्षं विरारला राहतं, हे अख्ख्या गणेशोत्सव मंडळाला माहीत असतं. कायद्याने दोघांपैकी एकाने नोटिशीआधी किमान तीस दिवस त्या जिल्ह्यात राहायला हवं, हे खरं. पण ही बाब कलम 4 मध्ये येत नाही, म्हणून तिच्यावर हरकत उभी राहत नाही. शिवाय तुमचंही रेशनकार्ड अजून जुन्याच खोलीचं आहे. जपून.

नात्याचा मुद्दा त्यातल्या त्यात बरा. परिशिष्टात पुरुषासाठी 37 आणि स्त्रीसाठी 37 नाती मोजून दिली आहेत, आणि पुरुषाच्या यादीत मामेबहीण आहे. उत्साहाच्या भरात हे घरी मोठ्याने वाचू नका. तुमच्या सासऱ्यांना तुम्ही लग्नाआधी काय म्हणत होता, ते आठवा. (रूढी आड येते, राजपत्रात नोंद झालेली रूढी असेल तर सूट मिळते, तुमचं लग्न तर वैदिक पद्धतीने झालेलं, वगैरे. ती भांडणं स्वयंपाकघरात मिटवा.)

4. लिहून द्या.

अधिकारी तुमची हरकत नोटीस बुकात लिहून घेतात, गरज पडली तर वाचून दाखवतात, समजावून सांगतात आणि सही मागतात. चाळीत कधी कोणी सही मागितली होती का? 'लोक बोलतात म्हणून सांगितलं' एवढ्यावर भागत होतं. फोर्टात लोकांच्या नावाने सही करता येत नाही.

5. खर्चाची तरतूद ठेवा.

हरकत आली की लग्न अडतं आणि चौकशी तीस दिवसांत पुरी करायची असते. हरकत अवाजवी होती आणि सद्भावनेने घेतली नव्हती असं ठरलं, तर अधिकारी तुम्हाला हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायला लावू शकतात, आणि ती जाते वधूवरांना. थोडक्यात, आहेर. आकडा कायद्यात 1954 पासून हजारच आहे, त्यामुळे तुम्हाला महागाईची झळ नाही. मात्र वरचा एक रुपया घालता येणार नाही, कायद्याची मर्यादा आहे. अपशकुन झाला तर त्याला इलाज नाही.

6. किंवा हरकत घेऊच नका.

जाणते लोक हेच करतात. नोटिशीचा मोबाइलवर फोटो घ्यायचा आणि मुलीच्या मामाला पाठवायचा. बाकी सगळं घर बघतं. 'आजी सिरीयस आहे' म्हणून मुलीला गावी नेतात, फोन काढून घेतात. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर ती नोटीस बाद, पुन्हा पहिल्यापासून. यात कलम 4 लागत नाही, सही लागत नाही, हजार रुपयेही नाहीत. मार्गदर्शनाची खरी गरज याच पायरीला नसते.

जानेवारी 2021 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने, नोटीस प्रसिद्ध करायची की नाही हे जोडप्याने ठरवावं, असा निकाल दिला. घाबरू नका, तो उत्तर प्रदेशातला. आपल्याकडे 2022 च्या डिसेंबरात राज्य सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांसाठी समन्वय समिती काढली आणि दोनच दिवसांत त्यातून 'आंतरजातीय' गाळलं. म्हणजे निम्म्या कामासाठी तुम्हाला सरकारी जोड आहे.

7. मुदत उलटल्यावर काय?

जा. न जाणं बरं दिसत नाही. पाच-दहा मिनिटांचा मामला असतो. एकमेकांना कायदेशीर नवराबायको म्हणून स्वीकारल्याचं दोघांनी अधिकाऱ्यासमोर म्हणायचं, कोणत्याही भाषेत. मालवणीत म्हटलं तरी चालतं. तीन साक्षीदार मात्र समोर हवेत, आणि तिसरा हमखास ट्रेनमध्ये अडकलेला असतो. अशा वेळी नवरी इकडेतिकडे बघते. ओळखीचा, कामाच्या दिवशी मोकळा, गेला महिनाभर याच कार्यालयात वावरणारा माणूस तिला एकच दिसतो.

आधार कार्ड आणि पासपोर्ट साइज फोटो खिशात असू द्या. पेन स्वतःचं न्या, तिथलं चालत नाही.