धर्मार्थ धाव : आयोजनाची शास्त्रशुद्ध पद्धती

धर्मार्थ धाव म्हणजे जिच्यात धावणारा पैसे भरतो, पहाटे उठतो, घाम गाळतो आणि अखेरीस आभार मात्र प्रमुख पाहुण्यांचे मानले जातात, अशी शर्यत होय. साताऱ्यात २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटात अर्धमॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरच्या पूर्ण मॅरेथॉनच्या निम्म्या अंतराची धाव, भरत आली आहे. अशी धाव भरवू पाहणाऱ्या माधवनगरच्या क्लबाने हा आदर्श जरूर समोर ठेवावा; मात्र सांगली-तासगाव रस्त्यावरील या सपाट वसाहतीत चढाची जी उणीव आहे, ती गतिरोधकांवर भागवून घ्यावी.

मार्ग ठरवताना गळीत हंगाम, म्हणजे साखर कारखान्यांत ऊस गाळण्याचा दिवाळीच्या आगेमागे सुरू होणारा काळ, ध्यानात घ्यावा. कारण बुधगावच्या बाजूने दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर समोर आल्यास कडेला कोणी व्हावे, हा प्रश्न नियमावलीची वाट न पाहता जागेवरच सुटतो. पोलिसांची परवानगी घ्यावीच. शिवाय क्लब नोंदणीकृत न्यास नसेल आणि लोकांकडून मदतनिधी गोळा करणार असेल, तर गणेशोत्सव मंडळे वर्गणीच्या परवानगीसाठी ज्यांच्याकडे जातात, त्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची पायरीही चढावी, म्हणजे चढाचा सराव आपोआप होतो.

अर्थव्यवहार हे या शास्त्राचे मर्म होय. समजा, प्रवेशशुल्क ५०० रुपये ठेवले आणि त्यातून टी-शर्टाला २००, पदकाला ८०, वेळ आपोआप नोंदवणाऱ्या चिपेला ९०, उप्पीट-चहाला ७० आणि मंडप, फ्लेक्स व शाल-श्रीफळाला ५० रुपये गेले, तर अनाथाश्रमासाठी माणशी १० रुपये उरतात. हा निधी सुपूर्द करण्यासाठी चार फुटी धनादेश छापण्याची रीत आहे. तो कोणतीही बँक वटवत नाही, छायाचित्रात मात्र चौघांना धरता येतो, आणि त्याच्या छपाईचा खर्च त्या १० रुपयांतूनच वळता होतो. शुल्क भरणाऱ्याने प्राप्तिकरातील सवलतीची पावती मागितल्यास त्याला नम्रपणे सांगावे, की सवलत दानाला मिळते, टी-शर्टाच्या खरेदीला नव्हे.

ज्या क्लबाला ही पद्धती अवघड वाटेल, त्याने सोपी वाट धरावी : अनाथाश्रमाचा वाटा आधी बाजूला काढावा, टी-शर्ट हवा असेल त्याच्याकडून वेगळे पैसे घ्यावेत, शाल-श्रीफळ वगळावे आणि आठ दिवसांत जमाखर्च जाहीर करावा. टी-शर्टाच्या पाठीवर प्रायोजकांच्या नावांना जेवढी जागा लागते, तेवढ्यात तो सहज मावतो.