कट-कट-कट

नाना तुमच्याही ओळखीत असणारच. इंग्रजीचे निवृत्त मास्तर, खिशाला अजून लाल पेन. 'कट'ची तिन्ही रूपं सारखीच, हे त्यांनी इतक्यांना ऐकवलंय की सोसायटीतली पोरं त्यांना मागून 'कट-कट-कट' म्हणतात.

पण त्यांचा खरा जीव 'हँग'वर. चित्र टांगलं तर 'हंग', माणूस फासावर चढवला तर 'हँग्ड'. सभेत सेक्रेटरी म्हणाले, "नोटीस खाली हँग्ड आहे." नाना उठले, "कुठल्या गुन्ह्यासाठी?" पाणीकपातीचा विषय तिथेच राहिला. तळमजल्यावरच्या काकू कळवळून म्हणाल्या, "माझा मोबाइल हँग झालाय हो." नाना म्हणाले, "हंग म्हणा काकू, अजून आशा आहे." एकदा फाशीची बातमी पेपरात 'हंग' म्हणून छापून आली, तेव्हा त्यांनी संपादकांना दोन पानी पत्र धाडलं. खुनाबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

मागे छातीत दुखलं म्हणून त्यांना दवाखान्यात ठेवलं होतं. सकाळी राउंडला आलेला तरुण डॉक्टर सिस्टरना म्हणाला, "पेशंट लेड क्वायटली ऑल नाइट." ऑक्सिजनच्या मास्कखालून आवाज आला, "ले! लाय, ले, लेन. लेड म्हणजे मी रात्रभर अंडी घातली." नाना बरे आहेत, हे आम्हाला ईसीजीच्या आधी कळलं.

त्यांची जिरवावी म्हणून मी एक कात्रण नेलं. २००७ साली 'नेचर'मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी हिशेब मांडला होता. जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं घेतली, तर त्यातली आज ९८च तशी उरलीत. 'हेल्प'चा भूतकाळ एके काळी 'होल्प' होता, तोही गेला. जे क्रियापद वापरात कमी, ते लवकर 'ईडी' लावून सरळ होतं. मला वाटलं, नाना चिडतील. त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे ७९ गेली," म्हणाले आणि चहा तसाच ठेवून आत गेले.

नातू न्यू जर्सीत. आधी तो फोनवर इंग्रजीत बोलायचा. 'डाइव्ह'चं 'डोव्ह' करायचा, 'गॉटन' म्हणायचा. नाना दर वाक्याला अडवायचे. अमेरिकेत तसंच म्हणतात, हे मुलाने परोपरीने सांगितलं, उपयोग शून्य. नातवाचे फोन बंद झाले. सहा महिने नाना कोणालाच काही दुरुस्त करत नव्हते; सेक्रेटरींनी दोनदा मुद्दाम 'हँग्ड' म्हणून पाहिलं, तरी नाहीच.

मग सुनेने युक्ती काढली. आता तो दर रविवारी मराठीत निरोप रेकॉर्ड करून पाठवतो. "आजोबा, मी काल पोहायला जालो. मग मी होमवर्क करला." नाना तो निरोप वॉचमनपासून सेक्रेटरींपर्यंत सगळ्यांना ऐकवतात. मी म्हटलं, "नाना, गेलो. केला."

"लहान आहे तो," नाना गुरकावले. "आठ वर्षांचा."

मी आठ वर्षांचा असताना 'कॅच्ड' म्हणालो, तर याच गृहस्थांनी मला शंभर वेळा 'कॉट' लिहायला लावलं होतं. माणूस पक्षपाती आहे.